मातीची आई आणि प्रदर्शनाचा नियम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लालबागच्या चाळीत माझी आई गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. १९८२च्या संपात जेवणारे गावी गेले आणि खानावळ बंद पडली. आज मी ६३ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून सिरॅमिकच्या वर्गाला जाते. यंदा पावसाळ्यात मी आईच्या रूपाचा डबा घडवला. धड म्हणजे भांडं, डोकं म्हणजे झाकण. वर्गाच्या वार्षिक प्रदर्शनातून तो परत आला. 'ही मूर्ती आहे, पॉटरी नाही,' असं आयोजकांनी सांगितलं.

चाकावर हा डबा होणारच नव्हता. मातीच्या वळ्या एकावर एक बसवत, सांधे आतून बोटानं बुजवत धड वर नेलं. आई कमरेला परात टेकवून उभी राहायची, म्हणून डावी बाजू फुगवली. हात वेगळे केले आणि दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ मातीनं जोडले. जुलैच्या दमट हवेत डबा प्लॅस्टिकखाली तीन आठवडे वाळत होता. घाई केली असती तर राहिलेल्या पाण्याची भट्टीत वाफ होऊन खांदे फुटले असते.

नक्षीनं मात्र मला खरं शिकवलं. आधी मी लुगडंभर फुलं काढली होती. बाईंनी ती पुसायला लावली. म्हणाल्या, "काठ अंगावर कुठं वळतो ते आधी बघा." खांद्यावर चौकडी आखडते, पोटावर सैल होते. मग लाल मातीवर पांढऱ्या मातीचा हात दिला आणि तो ओलसर असतानाच खिळ्यानं खरवडून चौकडी काढली. निऱ्या जुन्या फणीनं ओढल्या. झाकणाची फट मानेवर येत होती, ती काळ्या पोतीखाली झाकली. आता यातलं भांडं कुठं संपतं आणि मूर्ती कुठं सुरू होते, ते आयोजकांनी दाखवावं.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात पोट फुगलेलं, चार पायांचं मोठं मातीचं भांडं निघालं. सुमारे ३००० वर्षांपूर्वी त्यात एका माणसाला बसवून पुरलं होतं. आपल्या मुंबईतही जे. जे. कलाशाळेच्या एकोणिसाव्या शतकातल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतली माणसं रंगवलेली आहेत. माणसाचा आकार मातीच्या भांड्याला परका कधी झाला?

वर्गातल्या कोळीवाड्याच्या एका मुलीनं टोपली घेतलेल्या आजीची बरणी केली होती. तीही परत आली. ती आता वर्ग सोडायचं म्हणते आहे. पुढच्या प्रदर्शनाचे अर्ज दिवाळीनंतर निघतात. त्याआधी अर्जावर 'हातानं घडवलेली आकृतीची भांडी' असा एक रकाना घालावा, एवढी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी, लालबाग, मुंबई