टायगरचं आवडतं मैदान

डंडी, स्कॉटलंड

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

टायगर वुड्सच्या डोळ्यांत पाणी आलं ते सेंट अँड्र्यूजचं गोल्फचं मैदान बघितलंस का, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर सांगायला घेतलं की आई मधेच भाजीचे भाव काढते, म्हणून पत्रच लिहिते.

बघितलं. इथून नव्व्याण्णव नंबरची बस टे नदीचा पूल ओलांडून थेट तिथे जाते. तुम्ही टीव्हीवर ते मैदान पाहिलंय, पण तेव्हा सगळीकडे प्रेक्षकांचे स्टँड आणि झेंडे असतात. एरवी तिथे काहीच नाही हो! झाडं नाहीत, कारंजी नाहीत, फाटकावर सलाम ठोकणारा वॉचमन नाही. समुद्राकाठचं उंचसखल माळरान, एक लहानसा ओढा, त्यावर तो स्विल्कनचा दगडी पूल. पहिला आणि अठरावा होल आडवा कापत चक्क सार्वजनिक रस्ता जातो. मी रविवारी गेले. रविवारी ओल्ड कोर्सवर, म्हणजे याच मैदानावर, खेळ बंद असतो, मोठी स्पर्धा असली तरच अपवाद. त्या दिवशी तिथे सारं गाव फिरायला येतं. ज्या अठराव्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, ब्रिटिश ओपन स्पर्धेचा विजेता ठरतो, तिच्या कडेने एक आजोबा कुत्र्याला घेऊन निवांत चालले होते.

अमेरिकन खेळाडू सॅम स्नीड १९४६ साली ओपन खेळायला आला, तेव्हा रेल्वे मैदानाला लागूनच जायची. डब्यातून बघून त्याला वाटलं, हे कुठलं तरी ओसाड पडलेलं जुनं मैदान असावं. तसं तो बोलूनही गेला आणि स्कॉटिश लोक भयंकर चिडले. मग पठ्ठ्या तीच स्पर्धा जिंकून गेला. दुसरा अमेरिकन, बॉबी जोन्स, त्याची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होतीत. १९२१ मध्ये अकराव्या होलवर वैतागून त्याने डाव सोडला, १९२७ मध्ये येऊन इथेच ओपन जिंकली आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

मैदान कुठल्या क्लबच्या मालकीचं नाही, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. पहिला फटका मारतात त्या टीच्या मागची ती भारदस्त दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची, पण जमीन गावाची. १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. हँडिकॅपचा, म्हणजे आपण कितपत खेळतो त्याचा, दाखला असेल तर कुणीही सोडतीत नाव घालू शकतो. बाहेरच्यांना फी सणसणीत आहे, पण गावातले लोक वर्षाच्या पासवर खेळतात. १७९७ साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती दिली होती. मैदानभर सशांची बिळं झाली, खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या आणि हाणामाऱ्या चालल्या. शेवटी १८२१ मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने जागा विकत घेतली आणि खेळ वाचला.

आता टायगरचं. जगातलं आपलं सगळ्यात आवडतं मैदान हेच, असं तो कितीदा तरी म्हणालाय. अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या गालिचा अंथरलेल्या मैदानावर तो मास्टर्स स्पर्धा पाच वेळा जिंकलाय, मग हा माळ का? माझा तर्क सांगते, चुकला तर कान धरा. तो लहानपणी शिकला तो लाँग बीचच्या हार्टवेल नावाच्या सरकारी मैदानावर. सगळे होल पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे, पैसे भरले की कुणीही खेळावं. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला मैदानाचा थाट नडत नाही, तो आधी जमीन वाचतो. ओल्ड कोर्सवर तेच लागतं. जमीन टणक, वारा दुपारी दिशा बदलणारा, त्यामुळे हवेतून टाकलेला चेंडू पडून कुठे पळेल याचा नेम नाही. तो जमिनीवरून, उंचवट्यांना वळसे देत घरंगळवत न्यावा लागतो. एकाच ग्रीनवर दोन-दोन होल आहेत, अशा सात जोडग्रीन. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, ११२, आणि त्यातले कितीतरी टीवरून दिसतच नाहीत. २००० साली टायगर चार दिवसांत त्यातल्या एकाही बंकरमध्ये गेला नाही. १९ अंडर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा १९ कमी, आणि आठ फटक्यांनी विजय. २००५ मध्ये पुन्हा इथेच, पाच फटक्यांनी.

तुम्ही येरवड्याला साहेबांच्या बॅगा उचलायचात आणि सोमवारी कॅडी लोकांना खेळायला मिळालं की सात नंबरच्या आयर्नच्या एकाच जुन्या काठीवर अठराही होल काढायचात. एप्रिलमध्ये जमीन तापून कडक झाली की तुम्ही खूश, साहेब लोक मात्र पाणी मारत नाहीत म्हणून माळ्यांवर ओरडायचे. टायगर तुमच्या बाजूचा आहे, एवढंच म्हणते.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते २०२२ च्या ओपनमधलं दृश्य तर या मोकळेपणामुळेच घडलं. त्याचा पाय अपघातात मोडून जेमतेम दीड वर्ष झालेलं, खेळ बिघडलेला, कट हुकणार, म्हणजे पुढच्या दोन दिवसांत खेळायला मिळणार नाही, हे नक्की. पूल ओलांडून तो अठराव्यावरून येत होता आणि दुसरा नामवंत खेळाडू रोरी मॅकिलरॉय पहिल्या होलवरून निघाला होता. दोन्ही होलची फेअरवे, म्हणजे खेळायची हिरवळीची पट्टी, एकच, मधे झाड नाही की झुडूप नाही. रोरीने तिथूनच टोपीला हात लावला. तोवर स्वतःला आवरून धरलेला टायगर तिथे विरघळला. झाडांच्या रांगा लावलेल्या एखाद्या श्रीमंत क्लबात ते दोघे एकमेकांना दिसलेही नसते.

आता मुद्द्याचं. ओल्ड कोर्सच्या अगदी शेजारी हिमालयाज नावाचं पुटिंगचं, म्हणजे चेंडू नुसता घरंगळवत भोकात घालायचं, मैदान आहे. चढउतारांमुळे ते नाव पडलं. ते बायकांच्या क्लबचं आहे. तो क्लब १८६७ साली निघाला, कारण पूर्ण ताकदीने काठी फिरवणं तेव्हा बायकांना शोभत नाही असं मानायचे. (आईला हे वाचून दाखवा, तिचं मत मला ऐकायचंय.) तिथे थोडे पैसे दिले की पुटर, म्हणजे चेंडू ढकलायची काठी, आणि चेंडू मिळतो, दाखला-बिखला कुणी मागत नाही. तुमच्या गुडघ्यांना ते झेपेल आणि आईला साडीवर खेळता येईल. थंडीत ते बंद असतं, तेव्हा मे-जूनच धरा. पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज दादाला या आठवड्यातच भरायला सांगा, तो नुसतं हो-हो करतो. आणि येताना गोडा मसाला आणा, इथे मिळतो त्याला वासच नाही.

तुमची,
सुनी