चौथं वर्ष घे, पण कशासाठी ते ठरवून

चि. बाय हीस,
अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांची बी.एस्सी. घेऊन वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरू की चौथ्या वर्षाला थांबू, असं तू विचारलंस. बाबा म्हणाले, तुझं तू ठरव. ठरव तूच, पण मुलाखतीच्या टेबलामागून मला काय दिसतं ते आधी ऐक.

पदवीधरांना काही येत नाही, असं कंपन्या म्हणतात हे तुझ्या कानावर सतत पडतं. २०२३-२४च्या केंद्रीय आर्थिक पाहणीतही ५१.२५ टक्केच तरुण नोकरीयोग्य असल्याचा अंदाज दिला होता. त्या आकड्याने घाबरून जाऊ नकोस. आमच्या औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासतात तिथे, नव्या मुलांना एचपीएलसी हे औषधातले घटक मोजणारं मशीन चालवता येत नाही, ही माझी तक्रार नाही. मशीन आम्ही शिकवतो. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. सत्तरी-पेडण्याहून आलेली कितीतरी मुलं बघता बघता बोलायला लागतात.

मी मुलाखतीत विचारते, टायट्रेशनची, म्हणजे द्रावण थेंब थेंब सोडून केलेल्या मोजमापाची, तीन रीडिंग जुळली नाहीत तर काय कराल? बरीच मुलं खरं तेच सांगतात: जर्नलमध्ये जुळवून लिहितो. मी त्यांना दोष देत नाही. प्रॅक्टिकलची वेळ संपत आलेली असते, बुरेट या मोजनळीसाठी रांग असते आणि मार्क मिळतात ते 'बरोबर' उत्तराला. मग उत्तर आधी ठरतं, रीडिंग मागून येतं. ही सवय लागलेला हात औषधाच्या कारखान्यात आला की मला खरंच भीती वाटते. तिथे नोंद कोणी केली, त्याच वेळी केली का, मूळ कागद कुठे आहे, खोडलेला आकडा वाचता येतो का, हे सगळं तपासलं जातं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचे तपासनीस आले की याच्याच मागे लागतात. रीडिंग मर्यादेबाहेर गेलं तर आम्ही ते तसंच लिहितो आणि मग शोध घेतो: नमुना, द्रावण, काचेची भांडी, मशीन, माणूस. ते लपवलं तर ती गोळी कुणाच्या तरी आजारी आजीपर्यंत पोचते गं.

म्हणून नव्या शैक्षणिक धोरणाकडे बघताना मी क्रेडिटच्या गणितात फार शिरत नाही. तीन वर्षांना १२०, चार वर्षांना १६०, त्यात इंटर्नशिपची २ ते ४. एवढ्या इंटर्नशिपमध्ये मुलगा कारखाना बघून येतो, काम शिकत नाही. माझ्या हातात असतं तर मी प्रॅक्टिकलचे अर्धे मार्क चुकलेल्या रीडिंगचं कारण शोधणाऱ्याला दिले असते. त्याला नवं मशीनही लागत नाही आणि नवी इमारतही.

आमच्या धंद्याचंही बरोबर आहे असं नाही. तयार माणूस हवा म्हणायचं, आणि आलेल्या मुलीला कंत्राटावर घेऊन वर्षभर एकाच उपकरणावर बसवायचं, हे मी आधीच्या एका ठिकाणी जवळून पाहिलं आहे. वर्ष संपलं की ती बाहेर, नवी आत. शिकवायला वेळ द्यायचा नसेल तर विद्यापीठाला नावं ठेवायचा हक्क कसा पोचतो?

तू चौथं वर्ष घ्यावंस असं मला वाटतं, पण संशोधनासह. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, ते तुला पडतील. त्यात १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो, म्हणजे एकाच प्रश्नामागे सलग लागायला मिळेल. नुसते आणखी पेपर देऊन वर्ष जाणार असेल तर मात्र सरळ नोकरी धर. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षात करता येते, त्यामुळे वेळ वाया जातो असंही नाही.

विषय लांब शोधायला नको. आपल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह आणि मँगनीज किती, पावसाआधी आणि पावसानंतर त्यात काय फरक पडतो, हे बघ. नमुने आणायला बाबा स्कूटर काढतील. गाइड मात्र असा निवड, जो फसलेला प्रयोग फसला म्हणून लिहू देईल.

फीची काळजी करू नकोस, ती आमच्यावर सोड. शिगम्याला येण्याआधी कॉलेजात कोण कोण गाइड आहेत ते विचारून मला कळव. मावशीला नमस्कार सांग.

तुझी,
आई