काकू, कुठपर्यंत पोचलाय?

मारुती चौकाजवळच्या बोळातले मोबाईल दुरुस्तीवाले दादा,

स. न. वि. वि.

परवा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, म्हणून घाईघाईत नुसतं 'थँक्यू हं' म्हणून निघाले. घरी आल्यावर चुटपुट लागली. तुमचं नावही विचारलं नाही, आणि पावतीवरचा शिक्का इतका पुसट की दुकानाचंही नाव लागत नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी तुम्हाला दाखवेलच, सांगली काही फार मोठी नाही.

तुमच्याकडे आणलेलं ते निळं मशीन, निन्टेन्डो थ्रीडीएस, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, माझ्या भावाने २०१२ च्या दिवाळीत जर्मनीहून आणलं होतं. माझ्या मुलासाठी. सोबत एकच गेम, सुपर मारिओ थ्रीडी लँड. मुलगा चार वर्षं खेळला, मग त्याला मोबाईल मिळाला, मग पुण्याला कॉलेज, आणि मशीन कपाटात स्वेटरांखाली गेलं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना पलंगावर काढायचा होता. वैतागून ते बाहेर काढलं. मला स्वतःला जिन्याच्या दोन पायऱ्या चढवत नव्हत्या आणि गेममधला तो टोपीवाला मारिओ माझ्या अंगठ्यावर कड्यांवरून उड्या मारत होता! तेव्हापासून खेळतेय. आता बावन्न पूर्ण झाली.

गेल्या पावसाळ्यात मारिओला चालवायच्या त्या गोल पॅडने दगा दिला. हात न लावता मारिओ डावीकडे चालायला लागायचा आणि सरळ दरीत. मग सुरू झाली माझी वारी. पहिल्या दुकानात पोराने मशीन उघडूनही बघितलं नाही, "काकू, नातवाला नवीन टॅब घ्या की" म्हणाला. नातू नाही मला, मुलाचं अजून लग्न व्हायचंय. दुसऱ्याने आठ दिवस ठेवून घेतलं आणि परत दिलं तेव्हा वरचा पडदा काळा, मागचे दोन स्क्रू गायब, आणि वर "बोर्डच गेलाय" हे प्रमाणपत्र. गेलं होतं की घालवलं, हे विचारायची सोय नव्हती. तिसरीकडे, तेही पुण्यात, मुलाने मुद्दाम नेऊन दाखवलं. तिथे म्हणे २०२० मध्येच कंपनीने हे मशीन बनवायचं बंद केलं, आता शोकेसमध्ये ठेवा. बंद केलं हे खरंच आहे. पण ते सांगताना तो माणूस हसला ना, ते मुलालाही लागलं. फोनवर म्हणाला, "आई, सोड आता." मी सोडलंच होतं जवळजवळ.

तुमच्याकडे आले ते फोनची काच बदलायला. पिशवीत हे होतं म्हणून काढून काउंटरवर ठेवलं, काही आशा नव्हती. तुम्ही ते उघडलंत, बोटाने पॅड फिरवून बघितलंत, गेमचं कार्ड काढून त्यावरचं चित्र बघितलंत. मी वाट बघत होते की आता येणार, मुलाचं आहे का, नातवाचं आहे का. आणि तुम्ही मान वर न करता विचारलंत, "काकू, तुम्ही कुठपर्यंत पोचलाय?"

दादा, दुरुस्ती कशी केलीत ते मला कळलं नाही. कुठली फ्लेक्स, म्हणजे आतली पट्टीसारखी वायर, बदललीत, पॅड मुंबईहून मागवलात, साडेसहाशे रुपये घेतलेत, सगळं रास्त. पण हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे. इतक्या दिवसांत कुणीही धरून चाललं नव्हतं की हा गेम माझा आहे.

मग मी जी सुटले! आठव्या जगात बाउझरच्या, म्हणजे गेममधल्या खलनायकाच्या, किल्ल्यात अडकलेय, हे सांगितलं. एकाच लेव्हलमध्ये पाच वेळा मेलं की गेमला दया येते आणि एक पांढरं पान पुढे करतो, ते घेतलं की शत्रू काही करू शकत नाहीत. मी ते घेत नाही, हेही सांगितलं. तुम्ही सोल्डरिंगची गन खाली ठेवून म्हणालात, "घ्यायचंच नाही." मागे खुर्चीत फोनच्या चार्जिंगसाठी बसलेले एक गृहस्थ आमच्याकडे बघत राहिले. बघू देत.

तुम्ही लहानपणच्या टीव्हीच्या कॅसेटवाल्या मारिओची आठवण काढलीत, एक-दोनमध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, छतावर चढून पळायचं आणि पुढच्या जगांचे पाइप गाठायचे. तो मारिओ सपाट होता, फक्त डावीकडून उजवीकडे. यात खोली आहे, आणि माझा जीव त्या खोलीत अडकलाय. सपाट पडद्यावर असला गेम खेळायचा तर समोरची फळी किती लांब आहे ते नीट कळत नाही, मारिओच्या पायाखालची सावली बघत अंदाजाने उडी टाकायची. इथे चष्मा न लावता पडदा खिडकीसारखा आत जातो. पडद्यात म्हणे बारीक उभ्या पट्ट्या असतात, आडव्या ८०० ठिपक्यांतले ४०० एका डोळ्याला आणि ४०० दुसऱ्याला दाखवतात. मशीन जरा तिरकं झालं की चित्र फाटतं. म्हणून मी अगदी ताठ बसून खेळते, योगासनाच्या बाईंनाही इतकी ताठ कधी दिसले नाही. काही खोल्यांमध्ये ठोकळे एका रेषेत आहेत असं वाटतं, आणि मशीनच्या कडेचं थ्रीडीचं बटण वर सरकवलं की कळतं, एक पुढे आहे, एक पार मागे. दर वेळी हसू येतं.

आणि लेव्हल लहान. कुकर लावावा, शिट्ट्या होईपर्यंत लेव्हलच्या शेवटच्या झेंड्याच्या खांबाला लटकून मोकळं व्हावं. नाहीच झालं, दाराची बेल वाजली, तर झाकण मिटायचं. मारिओ उडी मारता मारता हवेत तसाच थांबतो. दूधवाला, सिलेंडर, नणंदेचा फोन, सगळं उरकून तासाभराने उघडलं तरी तिथेच, पाय वर, टोपी तशीच. घरात माझ्यासाठी थांबणारी ही एकच वस्तू आहे, हे मी ह्यांच्यादेखतच लिहितेय.

तुमच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्याही वर. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती तेव्हाची. विचारलं तर म्हणालात, "सगळं गेलं होतं, काकू," आणि लगेच स्क्रू शोधायला लागलात. आधीच्या दुकानाने घालवलेले ते दोन स्क्रू तुम्ही स्वतःच्या डबीतून लावलेत, त्याचे पैसे धरले नाहीत. माणसं अशीही असतात हो. आपण उगाच वाईट दुकानांच्या गोष्टी सांगत बसतो, मीही वर तेच केलं.

आता एक सांगायचं राहिलं. या गेममध्ये तिघांचा खेळ वेगवेगळा जपून ठेवायला तीन फाईली असतात. पहिली मुलाची, दुसरी माझी, तिसरी रिकामी. परवा रात्री उघडलं तर तिसरी रिकामी नव्हती. पॅड तपासायला तुम्ही आमच्या फाईलींना हात न लावता तिथे नवीन खेळ सुरू केला होतात. नुसतं तपासायचं असतं तर मारिओला चार गोल फिरवून भागलं असतं. प्रत्येक लेव्हलमध्ये तीन पदकं असतात, त्यातली एक-एकमधली तिन्ही घेतलीत तुम्ही, दादा. एक-दोनमधली दोन.

ती फाईल मी पुसलेली नाही. तिसरं पदक कुठे आहे ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात फोनला कव्हर घ्यायला येईन, तेव्हा मशीन पिशवीत असेल. गिऱ्हाईक कमी असेल अशी वेळ तेवढी कळवा.

आपली,
निळ्या मशीनवाल्या काकू