आधी सही करून पाठव

अमळनेर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

वसुलीवाल्याचा फोन दादाला आला होता, तोही रात्री साडेआठला. क्रेडिट कार्डाच्या अर्जात संदर्भ म्हणून तू त्याचा नंबर दिला होतास म्हणे. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पुन्हा आला तर तेवढं सुनाव आणि बँकेकडे लेखी तक्रार टाक. रागवायचं मी मागाहून बघते.

म्हणजे आखाजीला आली नाहीस ती काही तुझ्या संस्थेच्या देणगीदारांना करसवलतीसाठी द्यायच्या सर्टिफिकेटांमुळे नव्हे. ती ३१ मेच्या आत द्यायची असतात हे खरं, पण म्हणून कुणी आखाजीला दोन दिवस माहेरी येत नाही असं होत नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या पोरी आल्या होत्या, झोका बांधला होता. व्हिडिओ कॉलवर तुला बघून आजी लगेच म्हणाली, “पोर कितली सुकी गयी.” मी म्हटलं, काम जास्त आहे.

दादाने तुझ्याकडून काढून घेतलं ते असं, की कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी द्यायच्या पैशाचा हप्ता अडकलाय, आधीच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, आणि तोवर पगार नाही. वर कंपनीच्या साहेबांना नंदुरबारातले धडगावकडचे पाडे दाखवायला नेलंस त्या गाडीचं, जेवणाचं बिल तुझ्याच कार्डावर. ते संस्थेकडून अजून आलेलं नाही. मग घरभाडं कार्डावर, किराणा कार्डावर, आणि महिन्याला नुसतं ‘मिनिमम ड्यू’ भरायचं. मनू, त्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. वर्षाचे बेचाळीस होतात, ते चक्रवाढ न धरता. मी दारोदार फिरून लोकांना पोस्टाची आरडी विकते ती ६.७ टक्क्यांची.

तुझं काम अवघड आहे हे मला कळतं. कायद्यातच लिहिलंय, कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, आणि नंदुरबारात कारखाने ते किती? सरकारने जिल्हा ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेला म्हणून निवडला, पण पैसा आपला मुंबई-पुण्याभोवतीच फिरतो. पूर्वी ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत म्हटलं की पगारदार माणूस मार्चमध्ये पाच-दहा हजार तरी काढायचा. आता नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही, तर तो म्हणतो, मग मला काय फायदा. हे तूच मला सांगितलं होतंस.

पण एक गोष्ट मला पटत नाही. पुस्तकांना पैसे, वर्गाच्या पत्र्याला पैसे, आणि ते पैसे जी गोळा करते तिच्या पगाराची ओळ बजेटमधून पहिली कापायची. कंपनीचे साहेब म्हणतात पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, तुमच्या संस्थेला नाही, हेही तूच मला समजावलंस. मग ते त्यांच्यासमोर का बोलत नाहीस? मला आरडीच्या वसुलीवर चार टक्के कमिशन मिळतं, सरकार देतं. पैसा आपल्या पायाने चालत येत नाही, हे सरकारलाही कळतं. मी कधी ते लपवलं नाही, आणि गिऱ्हाइकांपैकी कुणी मला लोकांची बचत खाणारी म्हटलं नाही.

तुझे मामा म्हणतात, साने गुरुजींच्या गावची पोर, समाजसेवेत पगार कसला मोजते! अगं, गुरुजी इथे प्रताप हायस्कुलात मास्तर होते, ती पगाराची नोकरीच होती. मामांच्या घरी विप्रोचे जुने शेअर आहेत, त्यांना बोलायला काय जातं. आपल्याकडे ते नाहीत.

तेव्हा गाडीच्या बिलाचं संस्थेला लेखी मागणं टाक, थकलेल्या पगाराचंही. तोंडी नको. यापुढे कामाचा एक रुपयाही स्वतःच्या कार्डावर टाकायचा नाही, ॲडव्हान्स मिळाल्याशिवाय गाडी ठरवायची नाही. तुला कन्सल्टंट म्हणून घेतलंय, पीएफ नाही, वर दहा टक्के टीडीएस कापतात, तर निदान रिटर्न तरी भर, त्यातलं परत येईल. नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. पाड्यावरची ती मुलगी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिते, तो व्हिडिओ मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलाय.

आता कार्डाचं. तू कॉलेजात असताना तुझ्या नावाने काढलेली आरडी मी बंद पडू दिलेली नाही. जमा रकमेच्या निम्मं कर्ज तिच्यावर मिळतं, व्याज आरडीपेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे ८.७. त्यातून कार्ड पुरतं फिटेल असं दादाचा हिशोब सांगतो. नाही फिटलं तर उरलेलं मी बघते, बांगड्यांचं नाव काढू नकोस. कर्जाचे हप्ते मात्र तूच भरायचे.

सोबत फॉर्म पाठवते आहे. फुली मारली आहे तिथे दोन सह्या कर. पोस्टाच्या खात्यावर तुझी सही मराठीत आहे, इंग्रजीत केलीस तर पोस्टमास्तर परत पाठवतील.

तुझी आई