खिडकी बदलायची, तर विचारायचे कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या जुन्या इमारतींत खिडक्या बदलण्याची कामे जोरात निघतात. वाळवीने पोखरलेली सागवानी चौकट, गंजून जाम झालेल्या बिजागऱ्या आणि पाणी पिऊन फुगलेल्या, कधीच नीट न लागणाऱ्या झडपा काढून त्या जागी एखाद्या रविवारी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसते आणि सोमवारी जुने लाकूड भंगारवाल्याकडे जाते. या कामाला परवानगी लागते का, लागत असल्यास कोणाची, हे मालकाला, भाडेकरूला किंवा काम करणाऱ्या फॅब्रिकेटरला नेमके ठाऊक नसते. एका विभाग कार्यालयात मी चौकशी केली, तेव्हा ‘खिडकीला कसली आलीय परवानगी?’ असे तोंडी उत्तर मिळाले. तेच लेखी द्या म्हटल्यावर मात्र वरिष्ठांना विचारावे लागेल असे सांगण्यात आले. महानगरपालिकेने या विषयावर सोप्या मराठीत एक पानाची सूचना काढावी, आणि खिडकी दिसते कशी याच्याबरोबरच ती उघडते किती, हेही त्या सूचनेत यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

नियम नाहीत, असे मुळीच नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये किरकोळ फेरफारांची जी यादी आहे, तीत खिडकी, दार किंवा झरोका नव्याने काढणे वा बंद करणे यांचा समावेश असून, बांधकामाची मजबुती, अग्निसुरक्षा आणि इतर सर्वसाधारण तरतुदींचा भंग होत नसेल तर त्यासाठी सूचना वा परवाना आवश्यक नाही, असे ती म्हणते. परंतु संहिता म्हणजे कायदा नव्हे. मुंबईत लागू आहे तो १८८८ चा महानगरपालिका अधिनियम. त्याच्या कलम ३४२ नुसार इमारतीत भर घालायची वा फेरफार करायचे तर आयुक्तांना आगाऊ सूचना द्यावी लागते. ‘टेनंटेबल रिपेअर्स’ या सदरातल्या गिलावा, रंग, लाद्या, नळ, वीजजोडणी अशा दुरुस्त्यांना तेवढी सूट आहे, तीही बांधकामाची मापे बदलत नसतील आणि भार वाहणाऱ्या भिंतीला हात लागत नसेल तरच. याचा सरळ अर्थ मी असा लावतो की, जुन्याच गाळ्यात, म्हणजे भिंतीत खिडकीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत, तेवढ्याच मापाची खिडकी बसवणे ही दुरुस्ती झाली. पण उजेड हवा म्हणून दोन्ही बाजूंनी वीतभर भिंत फोडून गाळा रुंद करणे ही दुरुस्ती नव्हे. वरचा लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, ज्या विटांवर टेकलेला असतो, त्याच विटा या दुसऱ्या प्रकारात काढल्या जातात. फॅब्रिकेटरच्या कोटेशनात मात्र दोन्ही कामे ‘खिडकी बदलणे’ याच एका ओळीत येतात.

पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाड्यावर घेतलेल्या घरात आणखी एक पायरी असते. खिडकीला हात लावला की मालक जागा खाली करायला लावील, या भीतीने गिरगाव-परळकडचे अनेक भाडेकरू मोडकी झडप सुतळीने बांधून वर्षे काढतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमस्वरूपी बांधकाम करणे हे जागा परत मागण्याचे एक कारण आहे खरे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, आवश्यक तेथे पालिकेची परवानगी घेऊन केलेली लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळीकाम, वायुवीजनासाठी काढलेली खिडकी ही कामे ‘कायमस्वरूपी बांधकाम’ समजली जाणार नाहीत, असेही म्हटले आहे. हे स्पष्टीकरण भाडेकरूंना कोणी वाचून दाखवत नाही. मालकाने दुरुस्ती केली नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय कलम १४ मध्ये आहे. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापुरतीच करता येते आणि पागडीच्या भाड्याचा चौथा हिस्सा म्हणजे हल्ली बिजागऱ्यांचेही पैसे होत नाहीत.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांना उपविधींनुसार समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ते रास्तच आहे, कारण बाहेरची भिंत सगळ्यांची असते. वारसा यादीतल्या इमारती आणि परिसर यांना १९९५ पासून स्वतंत्र नियम आहेत. खोताच्या वाडीसारख्या परिसरात घराचे बाह्य रूप बदलायचे तर प्रकरण वारसा संवर्धन समितीपर्यंत जाऊ शकते. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको या वास्तुशैलीतल्या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि त्यांच्या दर्शनी भागात खिडक्यांच्या आडव्या पट्ट्या व त्यांवरचे छज्जे काढले तर उरते काय? अशा ठिकाणी काटेकोरपणा हवाच. तक्रार एवढीच की, कोणती चौकट आणि कोणती विभागणी चालेल याचे तयार नकाशे हाती दिले, तर प्रत्येक रहिवाशाला वास्तुविशारद नेमून नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.

आता ज्याकडे कोणीच पाहत नाही, त्या मुद्द्याकडे येतो. उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश इतके क्षेत्र खिडक्यांना असावे, असे इमारत संहिता सांगते, आणि खिडकीचा काही भाग पक्का बंद असेल तर उघडणारा भागच धरावा, असेही सांगते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची इको निवास संहिता हाच हिशेब १६.६६ टक्के असा मांडते. तिच्या कोष्टकात बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या खिडकीचे ९० टक्के क्षेत्र मोकळे धरले आहे, दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचे ५० आणि तीन तावदानांच्या सरकत्या खिडकीचे ६७ टक्के. चार मीटर बाय तीन मीटरची खोली घ्या. तिला दोन चौरस मीटर मोकळी खिडकी हवी. दीड मीटर रुंद आणि दीड मीटर उंच अशी जुनी झडपांची खिडकी सव्वादोन चौरस मीटरची होते, म्हणजे ९० टक्क्यांच्या हिशेबाने ती नियमात बसते. त्याच गाळ्यात दोन तावदानांची सरकती खिडकी बसवली की एक काच कायम दुसरीच्या मागे राहते आणि हवेला जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आत जागा उरते. तिसऱ्या ट्रॅकवर डासांची जाळी आली तरी या हिशेबात भर पडत नाही. नकाशा मंजूर होताना पाळलेला नियम असा एका दुपारीत मोडतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. खोलीत उकडते, मग एसी येतो. जुन्या खिडकीची खालची झडप लावून वरची उघडी ठेवता येत असे, त्यामुळे पावसातही वारा येई, ही सोय सरकत्या खिडकीत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलबद्दल पालिका अधूनमधून कडक भाषा वापरते. आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग अडतो हे खरे असल्याने, ग्रिलचा एक भाग आतून उघडता आलाच पाहिजे, ही अट त्या सूचनेत असावी.

इंग्लंडमध्ये साध्या घराची खिडकी बदलायला बहुधा नियोजन परवानगी लागत नाही, मात्र २००२ पासून बदललेली खिडकी इमारत नियमांत बसावी लागते आणि नोंदणीकृत कारागीर स्वतःच तसे प्रमाणपत्र देतो. घरमालकाला कार्यालयाचे खेटे घालावे लागत नाहीत. आपल्याकडे इतकी व्यवस्था लगेच उभी राहील असे मी मानत नाही. पण विभागवार फॅब्रिकेटरांची नोंदणी करून त्यांच्या बिलावर तीनच गोष्टी सक्तीच्या करता येतील: गाळ्याचे जुने व नवे माप, उघडणारे क्षेत्र आणि ट्रॅकच्या तळाला पाणी बाहेर जाण्याची भोके ठेवली आहेत की नाही. ही भोके नसली किंवा सिलिकॉनने बुजली की जुलैत ट्रॅक भरतो आणि पाणी आत भिंतीत उतरते, मग खालच्या मजल्यावरचा शेजारी समितीकडे तक्रार घेऊन येतो. मापाचे असे बिल संस्थेच्या दफ्तरी राहिले, तर पुढच्या संरचनात्मक तपासणीच्या वेळी अभियंत्यालाही कोणत्या भिंती फोडल्या गेल्या हे कळेल. ही सूचना दिवाळीपूर्वी निघाली, तर पाऊस सरल्यावर सुरू होणाऱ्या कामांना ती उपयोगी पडेल.

कळावे,
आपला,
एक भाडेकरू वाचक
गिरगाव, मुंबई