अर्थमंत्री साहेब, तुमच्या लॉटरीचा आकडा मला एआयनं 31 हजाराला विकला

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे, 31 वर्षं झाली. तुमच्याकडं कधी काय मागायला आलो नाही. राज्याची लॉटरी तुमच्या खात्यात येते म्हणून तुम्हालाच लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी माझं कबूल करतो. मी लॉटरी घेतो. दारू नाही, मावा सोडला, एवढा एकच नाद. आठवड्याचा पगार झाला की चौकातल्या स्टॉलवरनं एक तिकीट. आणि माझ्याकडं वही आहे. पेपरात आलेला पहिल्या बक्षिसाचा नंबर त्यात लिहायचा, शेवटचा आकडा लाल पेननं. 2009 पासून लिहितोय. कारखान्यात पोरं हसायची, पण बंपर जवळ आला की तीच पोरं यायची, काका जरा वही बघू.

तर दोन महिन्यांपूर्वी एका पोरानं मला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपला जोडलं. म्हणाला, एआय मागच्या सगळ्या सोडतींचा डेटा खातंय आणि पुढचा आकडा काढतंय, काका तुमच्या वहीचंच काम पण मशीन करतंय. आता मला सांगा साहेब, सोळा वर्षं वही लिहिणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल? मला वाटलं चला, शेवटी कुणाला तरी पटलं. पहिल्या दोन सोडतींचा शेवटचा आकडा फुकट सांगितला. दोन्ही वेळा बरोबर! माझा हात थरथरत होता लाल पेन धरताना.

मग 2,999 भरले. मग व्हीआयपीचे 9,999. मग म्हणाले दिवाळी बंपरचं तुमच्या आकड्याचं तिकीट आम्ही ब्लॉक करून ठेवतो, 18,000 पाठवा. एकूण 30,998. बायकोची भिशी लागली होती, ते पैसे. तिकीट आलंच नाही. सोडत झाली, ग्रुपमधनं मला काढलं.

पोरगी बीएस्सीला आहे. रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिनं पेपर पसरला, शंभर शेंगदाणे मोजले आणि दहाचे दहा ढीग केले. "पप्पा, पहिल्या ढिगाला 0 सांगायचं, दुसऱ्याला 1, असं 9 पर्यंत. आकडा कुठलाही येऊ दे, एक ढीग खूश होणारच. बाकीचे नव्वद सोडून द्यायचे. त्या दहांना परत एकेक वेगळा आकडा सांगायचा, त्यातला एक परत खूश." अशा वेगवेगळ्या ग्रुपांत मिळून दहा हजार माणसं असतील तर दोन सोडतींनंतर शंभर माणसं अशी उरतात की ज्यांना वाटतं हे एआय म्हणजे साक्षात परमेश्वर. त्या शंभरातला एक शेंगदाणा मी. एआय बिय काही नव्हतंच, नुसता भागाकार होता.

वर तिनं मोबाईलवर एका फुकटच्या चॅटबॉटला विचारलं, मागच्या निकालावरून लॉटरीचा पुढचा आकडा सांग. त्यानं सरळ सांगितलं की सांगता येत नाही, प्रत्येक सोडत वेगळी, मागचा आकडा पुढच्याला ओळखत नाही. म्हणजे फुकटचं एआय खरं बोलतंय आणि 31 हजाराचं खोटं. आणि मुळात छापील तिकिटाची लॉटरी, स्टॉलवर जी टांगलेली असतील त्यातलंच घ्यायचं, शेवटचे चार आकडे जुळायचा चान्स दहा हजारात एक. एआयनं 4718 सांगितला तरी तो स्टॉलवर पाहिजे ना! हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही याचं मला आजही नवल वाटतं.

सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला. मग पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या एकानं दुसऱ्याला हाक मारली, "ए इकडं ये, हे बघ एआयवाले काका." चहा पीत पीत हसले. चार दिवसांत कळवतो म्हणाले. आज 41 वा दिवस. माझ्याकडं यूपीआय आयडी आहे, स्क्रीनशॉट आहेत, ज्या नावावर पैसे गेले ते नाव आहे. सरकारनं 2024 ला पोलिसांसाठी एआयची मार्व्हल नावाची कंपनी काढली, पेपरात मोठ्ठा फोटो होता. शेतीच्या एआय धोरणाला 500 कोटी. खूप छान, अभिनंदन. पण आयडी हातात असताना माणूस सापडत नसेल तर त्या मार्व्हलला तरी माझी वही देऊ का?

साहेब, आम्ही कापसातली माणसं, आम्हाला आकडा नवा नाही. आमच्या बापाच्या काळात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा. मग 1962 ला कल्याणजी भगतनं वरळीला मटका काढला, 1964 ला रतन खत्री आला. ओपन, क्लोज, जोडी, पाना, आणि पानटपरीवर गेसिंगचे चार्ट, म्हणजे पुढचा आकडा सांगणारे कागद. लोक त्यातनं बाहेर यावेत म्हणून सरकारनं 1969 ला स्वतःची लॉटरी काढली असं सांगतात. ठीक आहे. पण तो गेसिंगवाला मेला नाही साहेब, त्यानं नाव बदललं, आता तो स्वतःला एआय म्हणवतो आणि चार्टच्या जागी ग्राफ दाखवतो.

1998 चा लॉटरीचा कायदा पोरीनं वाचून दाखवला. कलम 4. नुसत्या एका आकड्यावर बक्षीस नाही, एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत, बंपर वर्षाला सहाच. वाचताना हसू आलं. आमच्याकडं गाळ्यावर ऑनलाइन लॉटरी सेंटर म्हणून बोर्ड, आणि आत दर पंधरा मिनिटाला निकाल! रोज लाखभर तरी उडत असतील तिथं, मी काय मोजायला बसलो नाही, पण शिफ्ट सुटल्यावरची गर्दी बघा की. ती कुणाला दिसत नाही. आमचा वीज सवलतीचा अर्ज मात्र एका स्पेलिंगसाठी परत येतो.

आणि तुमची वसुली बरी चुकत नाही. लॉटरीवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. जिंकलं तर 30 टक्के इन्कम टॅक्स. म्हणजे हरलो तरी तुमचं, जिंकलो तरी तुमचं, आणि लुटलो गेलो तर मात्र "काका या वयात कशाला नाद". वा! नाद तुम्हीच छापून विकता की हो. वर राज्य सरकारचा शिक्का असतो.

मागणी तशी छोटीच आहे. तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात एवढे नियम छापता, तिथं एक ओळ ठळक छापा: मागच्या निकालावरून पुढचा आकडा कुणालाही काढता येत नाही, एआयलाही नाही. स्टॉलवर तेवढाच एक बोर्ड लावा. याला किती खर्च येतो? की असं छापलं तर वहीवाले तिकीट घ्यायचे बंद होतील अशी भीती आहे? आणि माझ्या तक्रारीचं काय झालं ते कुणीतरी फोन करून सांगा, "काही झालं नाही" असं सांगितलं तरी चालेल.

भिशीच्या बायका घरी आल्या की बायको अजून विषय बदलते. वही मी माळ्यावर टाकली. जाळणार होतो, पोरगी म्हणाली ठेवा, तिला कॉलेजच्या प्रोजेक्टला पाहिजे. तिनं सोळा वर्षांचे लाल आकडे मोजले, 0 ते 9 सगळे साधारण सारखेच आलेत.

आपला,
एक जॉबर, इचलकरंजी

ता.क. हे पत्र लिहिता लिहिता नव्या नंबरवरनं मेसेज आला. तुमचे 30,998 परत मिळवून देतो, रिफंडच्या फाईलचे फक्त 1,500 भरा. पोलिसांच्या आधी यांना माझी आठवण आली.