गिरगावातल्या एका भाडेकरूचे गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गिरगावातल्या एका चाळीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. खोली आजोबांनी पागडीने, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन, भाड्याने घेतलेली. भाडे महिन्याला २१२ रुपये. वायरमनची मजुरी धरली तर एवढ्यात जिन्यातला दिवाही बसवून होत नाही. भाडे नियंत्रण कायद्याचा पुरेपूर फायदा ज्यांना मिळाला त्यांतला मी एक आहे, आणि हा कायदा टप्प्याटप्प्याने संपवा, अशी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे.

सरकारचा पसारा वाढावा म्हणणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. सरकार नसेल तर रस्ते कोण बांधणार? आणि गरिबाला वाली कोण?

पहिल्याबद्दल थोडक्यात. माहीमचा कॉजवे बांधायला कंपनी सरकारने पैसे दिले नाहीत, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८४० च्या दशकातली ही गोष्ट. बोरीबंदर-ठाणे रेल्वेचा दाखला मात्र मी देणार नाही. ती कंपनी खाजगी होती खरी, पण भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारची होती, म्हणजे धोका रयतेचा आणि नफा भागधारकांचा. तसले खाजगीकरण मलाही नको. उलट विहारपासून तानसापर्यंतच्या तलावांचे पाणी सार्वजनिक पैशाने आले आणि ते योग्यच झाले, हे मोकळेपणाने मान्य करतो. सरकार असावे की नसावे हा माझा वाद नाही. एका कायद्याने बिघडलेले निस्तरायला दुसरा कायदा आणि त्याचे बिघडलेले निस्तरायला तिसरा, या चालीशी माझे भांडण आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी आमच्या चाळीत यावे लागेल.

मुंबईत भाड्यांवर पहिले बंधन १९१८ साली आले, महायुद्धापुरते म्हणून. १९४७ चा कायदाही मुदतीचाच होता. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि पुढे मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. धान्य वाढले, सिमेंट वाढले, गवंड्याची मजुरी वाढली, भाडे तिथेच. आमच्या मालकांनी आधी रंग देणे बंद केले, मग गिलावा, मग गच्चीची गळती बघणेही सोडले. माणूस वाईट नव्हता. आजोबांच्या घरी सत्यनारायणाला ते जेवायला येत. पण अठरा खोल्यांच्या वर्षभराच्या भाड्यात एक तुळई बदलून होत नव्हती. असे हाल बघून भाड्याने देण्यासाठी चाळ बांधायला पुढे कोण येणार? तो धंदाच बुडाला. जो आत होता तो सांभाळला गेला. नंतर कोकणातून, घाटावरून आलेल्या गरिबाला या शहरात भाड्याची खोली उरली नाही. त्याने झोपडी बांधली. त्याचा वाली कोण होता, हे मला सरकारला विचारायचे आहे.

इमारती मोडकळीला आल्या, तर भाडे मोकळे करायचे सोडून १९६९ साली दुरुस्ती मंडळ आणि दुरुस्तीच्या खर्चासाठी जुन्या इमारतींवर उपकर आला. दुरुस्तीने भागेना, तेव्हा १९८६ मध्ये म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात बदल करून वेगळे प्रकरणच घातले. सत्तर टक्के भाडेकरूंनी मागणी केली तर सरकारने इमारत संपादित करावी आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी. यावर मी पुन्हा पुन्हा विचार केला आहे. भाडे गोठवायचे सरकारने, आणि त्याच गोठवलेल्या भाड्यावरून मालमत्तेची किंमतही ठरवायची सरकारनेच. माझ्या खोलीचे शंभरपट म्हणजे २१,२०० रुपये. गिरगावात! मी भाडेकरू असूनही याला न्याय म्हणू शकत नाही.

भाडी अशी गोठवणे आता वाजवी राहिलेले नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले. त्यानंतरच्या कायद्याने मार्च २००० पासून वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण पाया तोच जुना. आणि मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या मालकांनी नेलेल्या प्रकरणात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले की, खाजगी मालकीची प्रत्येक वस्तू ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही.

आमच्या गच्चीच्या गळतीसाठी माझे वडील एका कार्यालयात अकरा वर्षे खेटे घालत होते. दर वेळी एखादा नवा कागद कमी पडे. शेवटी २०१९ च्या पावसाळ्यात गॅलरीचा कोपरा पडला आणि टेकू लागले. वडील गेले, टेकू अजून आहेत. त्या कार्यालयातली माणसे दुष्ट होती असे मी म्हणत नाही. छप्पर त्यांचे नव्हते, एवढेच. मालकाला दुरुस्ती परवडली असती तर त्याने ती केली असती, कारण इमारत त्याची होती. आम्हाला ती करू दिली असती तर आम्हीही केली असती, कारण झोपणार आम्हीच होतो.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने हेच सांगत. शहराला स्वस्त द्यायचे म्हणून पिकवणाऱ्याचा भाव पाडू नका. दया करायची तर ती स्वतःच्या खिशातून करावी.

सर्वेक्षणाची आकडेवारीही हेच दाखवते. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीने, २०११ च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी असल्याचे नोंदवले. घर भाड्याने दिले तर ते परत मिळेल का, ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक आहे. लघुवाद न्यायालयातली घरांची प्रकरणे पिढ्यान् पिढ्या चालतात. करार पाळला जाईल याची खात्री देणे, हे सरकारशिवाय कोणी करू शकत नाही असे काम. नेमके तेच मागे पडले आहे.

मागणे एवढेच. जुनी भाडी ठरावीक वर्षांत बाजारभावाला आणा. मालक आणि भाडेकरू यांनी आपसात पुनर्बांधणी ठरवली तर ना-हरकत दाखल्यांची माळ मध्ये घालू नका. लघुवाद न्यायालयात न्यायाधीश वाढवा. आमच्या अठरा खोल्यांपैकी चार खोल्यांत एकट्या म्हाताऱ्या बायका राहतात. त्यांना वाढीव भाडे झेपणार नाही. त्यांचा फरक राज्याच्या तिजोरीतून उघडपणे द्या, अर्थसंकल्पात आकडा दाखवून. आज तो मालकाच्या खिशातून आणि आमच्या छपरातून जातो आहे. माझे स्वतःचे भाडे वाढेल. ते भरायची माझी तयारी आहे.

पावसाळ्याआधी एकदा आमच्याकडे या. जिना चढताना मात्र डाव्या बाजूने या, उजवीकडचा कठडा सुटला आहे.

आपला,
गिरगावातील एक भाडेकरू